करामत खाचांची, धातूची नव्हे

‘धातूला भोकं पाडली की मायक्रोवेव्ह लहरींमध्येही त्यातले इलेक्ट्रॉन दृश्य प्रकाशात डोलतात तसे डोलू लागतात’, असं सध्या फिरतंय. तसं नाही. या वारंवारतांना धातू जवळजवळ आदर्श वाहक असतो. १० गिगाहर्ट्झची लहर तांब्यात मायक्रोमीटरभरही शिरत नाही. त्यामुळे सपाट पत्र्यावर ती जेमतेम चिकटते, बाहेर ऐसपैस पसरते. खाचा पाडल्या की विद्युतक्षेत्र त्यांत उतरतं आणि लहर पृष्ठभागाला धरून राहते. सगळा हिशेब खोलीचा: ७.५ मिलिमीटर खोल, अरुंद, दाट खाचांवर अशी लहर साधारण १० गिगाहर्ट्झपर्यंतच टिकते. तांबं की ॲल्युमिनियम, फरक नगण्य. भौतिकशास्त्रज्ञ जॉन पेंड्री आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्लाझ्मॉनशी, म्हणजे धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या त्या एकत्रित डोलण्याशी, दाखवलं ते फक्त साम्य. अभियंत्यांना तर खाचांवरच्या लहरी १९४० च्या दशकापासूनच ठाऊक होत्या.