पाडायचं की ठेवायचं, त्याआधी पन्हळी साफ करा

कोल्हापुरात जुन्या इमारतीचा विषय निघाला की दोन बाजू तयारच असतात. एक म्हणते, पाडा आणि पार्किंगसकट नवं बांधा. दुसरी म्हणते, एक दगड हलवून बघा! चहाचा कप खाली ठेवायच्या आत कृती समितीही होते. बंद पडलेल्या शाहू मिलबद्दल वर्षानुवर्षं हेच चाललंय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हाही बोलणं लवकरच या दोन सुरांवर आलं. ठाणे आणि मुलुंडच्या मधल्या नव्या रेल्वे स्थानकासाठी ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या जागेचा विषय निघाल्यापासून येरवडा आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांच्या आवारांचं पुढे काय, हा प्रश्नही दूरचा राहिलेला नाही.

इंग्लंडमध्ये हा खेळ आधी खेळून झालाय. १९६१ मध्ये तिथले आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी भाषणात सांगून टाकलं की ही व्हिक्टोरियन वेड्यांची इस्पितळं बंद व्हायला हवीत. बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष कुलूप लागलं ते १९८० आणि ९० च्या दशकांत. त्यानंतर काय झालं ते पाहिलं, तर 'पाडा' आणि 'ठेवा' यांपैकी कुठलीच बाजू जिंकलेली दिसत नाही. निकाल लावला तो कुलूप लागल्यापासून निर्णय होईपर्यंतच्या रिकाम्या वर्षांनी.

त्या वर्षांत इमारत मरते कशी, हे बारकाईने सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या चर्चेत ते कधीच येत नाही. छपराच्या दोन उतारांमधल्या पन्हळीला तिकडे शिशाचा पत्रा असतो, अडीच मिलिमीटरच्या आसपास जाड, चौरस मीटरला साधारण तीस किलो. भंगारात त्याला भाव आहे, म्हणून चोर पहिल्यांदा तोच उचलतात. पन्हळ गेली की पाणी सरळ भिंतीत टेकवलेल्या तुळईच्या टोकावर पडतं. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते. 'ड्राय रॉट' नावाची बुरशी तर विटांच्या सांध्यांतून पसरत पुढच्या खोलीतल्या लाकडापर्यंत पोचते. तुळईचं टोक भुसभुशीत झालं की वरच्या मजल्याची जमीन खचते, आणि मग इंजिनिअर मनापासून लिहून देतो, 'इमारत धोकादायक'. त्या कागदात खोटं काहीच नसतं. फक्त तो दहा वर्षं उशिरा लिहिलेला असतो.

दुसरी चूक सद्‌हेतूने होते. चोर येऊ नयेत म्हणून सगळ्या खिडक्या प्लायवूडने ठोकून बंद करतात. आतली हवा कोंडते, भिंती घाम धरतात आणि इमारत आतून कुजते. फळी लावा, पण तिला झडपा ठेवा, म्हणजे वारा खेळता राहील. पाण्याची लाइन तोडून टाक्या रिकाम्या करा, पण आगीच्या अलार्मपुरती वीज चालू ठेवा. पन्हळी वर्षातून दोनदा साफ करा. एवढ्याला लागणारा पैसा पुढच्या डागडुजीच्या मानाने किरकोळ असतो, पण फीत कापायला त्यात काही नसल्यामुळे तो मंजूर होत नाही. हे तिकडेही तसंच.

आपल्याकडे शिसं नाही, पण पिंपळ आहे. कठड्याच्या सांध्यात बी रुजलं की मुळं भिंतीच्या पोटातल्या भरावात शिरतात. वरून छाटलं की आणखी जोमाने फुटतं. दगड उतरवून मूळ काढायचं आणि पुन्हा चुन्यातच बसवायचं, याला पर्याय नाही. आपल्याकडे बहुतेकदा वरून सिमेंट थापतात. त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि पुढच्या पावसाळ्यात आतला गिलावा फुगून सुटतो.

दक्षिण लंडनच्या कडेला केन हिल नावाचं मनोरुग्णालय होतं, १८८० च्या दशकातलं. चार्ली चॅप्लिनची आई तिथे होती. ते १९९१ मध्ये बंद झालं, मग सतरा-अठरा वर्षं पडून राहिलं आणि पाडकाम सुरू झालं ते २००८ च्या सुमाराला. काही भाग राखायचा ठरला होता. त्यातल्या प्रशासकीय इमारतीला २०१० मध्ये आग लागली आणि घड्याळाचा मनोरा गेला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डॅन्व्हर्सच्या मनोरुग्णालयात मधल्या भागाची नुसती बाहेरची भिंत ठेवून मागे अपार्टमेंट बांधली. तिथेही २००७ मध्ये बांधकाम चालू असतानाच आग लागली. दर्शनी भिंत ठेवली म्हणजे वारसा वाचला, असं मी तरी मानत नाही. अशा आवारांतला पाण्याचा उंच टॉवर राखण्याचा हट्टही मला फारसा पटत नाही. त्याचा उपयोग काही नसतो, खर्च मात्र कायमचा.

उलट एसेक्सच्या हद्दीवरचं क्लेबरी पाहा. १८९३ चं रुग्णालय, १९९७ मध्ये बंद झालं. वॉर्डांचे फ्लॅट झाले आणि चॅपलमध्ये पोहण्याचा तलाव आला. तलाव बघून हसू येतं, पण छप्पर शाबूत आहे. खंत आहे ती वेगळी. असं आवार बहुधा फाटकाआडची वसाहत होतं, आणि ज्यांच्यासाठी ते बांधलं त्यांना तिथे घर परवडत नाही.

तिकडून उचलण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे परवानगीतली अट. मोकळ्या जागेवर नवी घरं बांधू देतात, पण जुन्या इमारतीची दुरुस्ती पुरी होईपर्यंत ठरावीक संख्येपलीकडच्या घरांत कुणाला राहायला जाऊ देत नाहीत. अट नसली तर बिल्डर आधी नवी घरं विकतो आणि जुन्या इमारतीपाशी आल्यावर त्याच्याकडचे पैसे संपतात. पाडायचंच ठरलं तर निदान क्रमाने पाडा. पाइपांभोवतीचं आणि पत्र्यांतलं अ‍ॅस्बेस्टॉस आधी, पाणी मारून, न फोडता उतरवायचं. आपल्याकडे ते सरळ घणाने फोडतात आणि ती धूळ गवंड्याच्या छातीत जाते. मग कौलं आणि सागवान हाताने, आणि शेवटी मशीन. चुन्यातली वीट तासून पुन्हा वापरता येते. सिमेंटमधली तासायला गेलं की तुटते.

एक फरक मात्र विसरून चालणार नाही. तिकडची आवारं रिकामी झाली होती, आपली भरलेली आहेत. केवळ घरचे नेत नाहीत म्हणून बऱ्या झालेल्या माणसाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. तो खरोखर पाळला तर वॉर्ड रिकामे होत जातील. ती माणसं कुठे राहणार हे ठरल्याशिवाय जमिनीचा नकाशा उघडूच नये.

आणि कागद. लंडनजवळच्या एप्सममधल्या हॉर्टन दफनभूमीत आसपासच्या पाच मनोरुग्णालयांतले सुमारे नऊ हजार लोक पुरलेले आहेत. ती जमीन १९८३ मध्ये खासगी मालकाला विकली गेली, आणि आता लोक जुन्या नोंदींतून एकेक नाव शोधतायत. म्हणून आवाराचा सौदा होण्याआधी दाखल-रजिस्टरं, मृत्यूच्या नोंदी आणि दफन-दहनाचे नकाशे पुराभिलेखागारात गेले पाहिजेत. ठेकेदार आत आल्यावर ती रद्दीच्या टेम्पोतून जातात.