नामजपाच्या वहीत लिहिलेली वेळ

गेली चौदा वर्षे मी ठाण्याहून वाशीला नोकरीसाठी जाते. ट्रान्स हार्बरच्या गाडीला या प्रवासासाठी साधारण अर्धा तास लागतो आणि बसायला जागा मिळाली, तर तेवढ्या वेळात ज्ञानदेवांचा हरिपाठ मनातल्या मनात म्हणून होतो. कामाच्या ताणावर प्रार्थनेचा खरोखर उपयोग होतो का, असे मैत्रिणी वारंवार विचारतात, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

माझे काम हिशेब विभागातले. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ला जीएसटीआर-१ आणि २०ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रे, आणि या तारखांच्या मध्ये मागच्या महिन्याचे क्लोजिंग, म्हणजे हिशेब जुळवून बंद करणे. दोन वर्षांपूर्वी विभागातल्या दोघांनी पाठोपाठ राजीनामे दिले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत आणि त्यांचे काम माझ्या टेबलावर आले. रात्री तीन वाजता जाग यायची, न जुळलेले आकडे डोळ्यांपुढे फिरू लागायचे, छातीत धडधडायचे. डॉक्टरांनी तपासण्या करून घेतल्या, त्यांत काही निघाले नाही.

त्या दिवसांत हरिपाठाने मला सावरले, हे मी कृतज्ञतेने सांगते. यामागे श्रद्धा आहे तसे शरीरही आहे. इटलीतील डॉक्टर लुचिआनो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. २३ निरोगी माणसांना त्यांनी ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा मंत्र म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची व रक्तदाबाची लय त्या श्वासाशी जुळली. हरिपाठावर तो प्रयोग झालेला नव्हता, पण ऐरोली येईपर्यंत आपला श्वास लांब झालेला असतो, हे मी रोज अनुभवत होते.

तरीही वर्षभर माझे काहीतरी चुकत होते आणि ते चुकणे माझ्या मागण्यात होते. ‘माउली, एवढी २० तारीख निभावून ने,’ हेच मी दर महिन्याला म्हणत असे. ती तारीख निघून जायची आणि पुढच्या महिन्याची ७ तारीख समोर उभी राहायची. मधल्या काळात तर ‘माझेच काही पाप असेल, म्हणून हे भोग आले,’ असेही वाटू लागले होते. धर्माच्या मानसशास्त्राचे अमेरिकी अभ्यासक केनेथ पार्गामेंट यांनी अडचणीत माणूस देवाचा आधार कसा घेतो, यावर पुष्कळ काम केले आहे. सगळे देवावर सोपवून स्वस्थ बसणे, देवाला बाजूला ठेवून एकट्याने झगडणे आणि देवाला सोबत घेऊन स्वतः हातपाय हलवणे, अशा तीन वाटा ते सांगतात. देव आपल्याला शिक्षा करतो आहे, या भावनेशी अधिक मनस्ताप जोडलेला आढळतो, असेही त्यांनी मांडले आहे. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

आमच्या घरी नामजपाची वही असते. किती माळा झाल्या ते रोज लिहायचे, ही आजीची शिस्त. एका रात्री माळांच्या आकड्यासमोर मी ऑफिसमधून निघाल्याची वेळही लिहिली आणि मग रोज लिहीत गेले. सहा आठवड्यांनी बेरीज केली, तेव्हा एकही आठवडा ५५ तासांच्या आत नव्हता. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली सांगितले होते, की आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त असतो. ती बेरीज एका कागदावर उतरवून, त्या सकाळी हरिपाठ पूर्ण म्हणून, मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. आवाज कापला नाही. ते बळ मला प्रार्थनेनेच दिले, असे मी मानते. दोन महिन्यांनी एक माणूस मिळाला. दुसरी जागा अजून रिकामी आहे.

म्हणून ऑफिसांतून होणाऱ्या ध्यानाच्या सत्रांविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. ऐन क्लोजिंगच्या दिवशी, सहा वाजून गेल्यावर, आम्हाला एक तास डोळे मिटून बसवले गेले आणि त्यानंतर पुन्हा कामाला बसवले. ध्यान पवित्र आहे, म्हणूनच अपुऱ्या माणसांची भरपाई करण्यासाठी त्याचा वापर व्हावा, हे मला सहन होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामामुळे पार थकून जाण्याची, व्याख्या करताना, नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणातून ते उद्भवते, असे म्हटले आहे. ते हाताळण्याची जबाबदारी कर्मचाऱ्याच्या जपमाळेवर टाकता येत नाही.

माझी शेजारची सहकारी देव मानत नाही. ती संध्याकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारते आणि तिलाही बरे वाटते. ज्यांना जपानेही झोप लागत नाही, जगणे नकोसे वाटते, त्यांनी संकोच न करता डॉक्टरांकडे जावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. त्याने श्रद्धेत काही उणे येत नाही.

वहीत अजून दोन्ही नोंदी होतात. या महिन्याच्या २० तारखेपुढे अकरा माळा आहेत आणि निघाल्याची वेळ सव्वासात.