'फोर-केचा घरी काही उपयोग नाही' म्हणणाऱ्यांना

"फुल एचडीच्या पुढे डोळ्याला काही कळत नाही. फोर-केमध्ये पाहायला काही मिळत नाही, जुने सिनेमे तर तसेच दिसतात, वर नेट संपतं. सगळी कंपन्यांची लूट!" असा मेसेज नागपूरच्या ग्रुपांवर फिरतोय. टीव्ही घ्यायला सीताबर्डीत निघालेल्या माणसाची यानं दिशाभूल होते, म्हणून एकेक मुद्दा घेतो. फुल एचडी म्हणजे पडद्यावर १९२० बाय १०८० ठिपके (पिक्सेल), फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०.

आधी डोळा. निरोगी डोळा साधारण कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद असतो. फुल एचडीत एवढ्या रुंदीत १९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका ०.६३ मिलिमीटरचा. हिशेब केला तर सुमारे सात फुटांच्या आत बसणाऱ्याचा डोळा याहून बारीक पाहू शकतो. पडद्यावरच ते नसतं. मनीषनगर-बेसाकडच्या फ्लॅटात सोफा टीव्हीपासून सहा-सात फुटांवरच असतो ना? तिथं फोर-केचे ३८४० ठिपके कामी येतात: पैठणीची जर, सबटायटलमधला बारीक अनुस्वार. महालातल्या वाड्यात ३२ इंची टीव्ही दहा फुटांवरून पाहत असाल, तर मात्र मेसेज खरा आहे. इंच आणि फूट न सांगता 'डोळ्याला कळत नाही' म्हणणं निरर्थक आहे.

रंगाबद्दल तर मेसेज गप्पच आहे. घरी येणाऱ्या बहुतेक व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची असते, रंगाची मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. म्हणजे फुल एचडीतला रंग प्रत्यक्षात ९६० बाय ५४० चाच. लाल अक्षरांच्या कडा विस्कटतात त्या यामुळे. फोर-केत रंगालाच १९२० बाय १०८० ठिपके मिळतात. म्हणून फोर-के व्हिडिओ फुल एचडी पडद्यावर लहान करून दाखवला, तरी कडा जास्त स्वच्छ येऊ शकतात. मला हा फायदा सगळ्यात मोलाचा वाटतो.

पाहायला काही नाही? यूट्यूबवर फोर-के २०१० पासून आहे. केबलच्या साध्या चॅनेलला मात्र ५७६ च ओळी (ठिपक्यांच्या आडव्या रांगा) असतात. ते मोठ्या पडद्यावर पुसटच दिसणार. जामठ्याच्या क्रिकेट मॅचमध्ये चेंडू फरफटल्यासारखा दिसतो, त्याचा संबंध मुख्यतः सेकंदाला किती फ्रेम (स्थिर चित्रं) येतात याच्याशी आहे. तिथं फोर-केकडून फार अपेक्षा नको.

जुने सिनेमे बहुतेक ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाले. चांगल्या निगेटिव्हमध्ये (कॅमेऱ्यातल्या मूळ फिल्ममध्ये) फुल एचडीहून जास्त तपशील असतो, म्हणूनच जतन करताना ती फोर-केत स्कॅन करतात.

राहिलं नेट. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं. तेवढ्या वेगानं तासाला सुमारे पावणेसात जीबी जातात. घरी फायबर असेल तर हे सहज निभतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवत असाल तर फुल एचडीच ठेवा.