‘मेल येतात पण जात नाहीत’: दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाबद्दल तुम्ही लिहिलंय: “अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखाना आहे. मेल येतात, पण आपले जात नाहीत, आउटबॉक्समध्येच बसून राहतात. यांचा माणूस आला, ६०० रुपये घेऊन गेला, चार दिवसांत परत तेच. फोन केला तर म्हणे मोबाईलचं नेट लावून बघा. मेल येतोय म्हणजे नेट चालूच आहे ना? उगाच फिरवतात.”

यातली एक गोष्ट मान्य. मोबाईलचं नेट कशासाठी लावायचं, हे फोनवर सांगायला हवं होतं आणि ते सांगितलं गेलं नाही. ‘परत तेच’ मात्र मान्य नाही. दोन्ही वेळचे बिघाड वेगळे होते. हा घोळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेल आणणं आणि मेल पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आणायचं काम पॉप किंवा आयमॅप करतं, पोर्ट ९९५ किंवा ९९३ वरून. पोर्ट म्हणजे सर्व्हरचं नंबर असलेलं दार. पाठवायचं काम एसएमटीपी करतं आणि त्याचं पोर्ट वेगळं, सेटिंग वेगळं, कधीकधी सर्व्हरही वेगळा. सुताचा टेम्पो गेटातून आत आला म्हणून टॉवेलची भरलेली गाडी बाहेर सुटेलच असं नाही, तिची बिलं वेगळी. तसंच हे. मेल येतोय यावरून नेट चालू आहे आणि आणण्याचा पासवर्ड बरोबर आहे एवढंच कळतं. जाण्याबद्दल काहीच कळत नाही.

पहिल्या वेळी बिघाड होता पोर्ट २५ चा. तुमच्या आउटलुकमध्ये, म्हणजे मेलच्या प्रोग्राममध्ये, पाठवण्यासाठी २५ होतं, जुन्या लाइनवर ते चालत होतं. तुम्ही फायबरची नवी लाइन घेतली आणि मेल जाणं थांबलं. २५ हे मुळात एका सर्व्हरने दुसऱ्या सर्व्हरला मेल देण्यासाठी आहे. व्हायरस लागलेले कॉम्प्युटर याच पोर्टवरून थेट स्पॅम फेकतात, म्हणून बऱ्याच इंटरनेट कंपन्या ग्राहकाकडून बाहेर जाणारं २५ बंदच ठेवतात. कॉम्प्युटरला कुणी हात लावलेला नसतो तरी एका सकाळी मेल अडकतात, ते यामुळे. आउटलुक तेव्हा शून्य एक्स ८००४२१०९ असा एरर दाखवतं, म्हणजे पाठवण्याच्या सर्व्हरपर्यंत पोचताच येत नाही.

मोबाईलचं नेट लावायचं ते इथे. हॉटस्पॉटवर मेल गेला आणि ऑफिसच्या लाइनवर नाही गेला, तर अडथळा लाइनवर. दोन्हीकडे नाही गेला, तर सेटिंग, पासवर्ड किंवा सर्व्हर. यात एक खोच आहे: काही मोबाईल नेटवर्कवरही २५ बंद असतं. म्हणून आधी पोर्ट ५८७ करायचं आणि मगच ही चाचणी घ्यायची, नाहीतर निकाल फसवा येतो. हॉटस्पॉट नको असेल तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड आहे. तिला सर्व्हरचं नाव आणि पोर्ट द्यायचं. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं की रस्ता मोकळा, ‘फॉल्स’ आलं की बंद.

आमच्या माणसाने त्या दिवशी केलं ते असं. कंट्रोल पॅनेलमध्ये मेल, त्यात ईमेल अकाउंट्स, तुमचं खातं निवडून चेंज, मग मोअर सेटिंग्ज. ‘आउटगोइंग सर्व्हर’ या टॅबमध्ये सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं अशा अर्थाची चौकट आहे, ती टिक केली आणि खाली येणाऱ्या मेलचंच नाव-पासवर्ड वापरायचा पर्याय ठेवला. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये २५ च्या जागी ५८७ आणि एन्क्रिप्शनमध्ये (बोलणं कुलूपबंद करायची पद्धत) टीएलएस.

ही टिक राहून गेली तर गंमत होते. ऑफिसमधल्या ऑफिसमध्ये, म्हणजे आपल्याच डोमेनच्या पत्त्यांवर, मेल जातात. बाहेरच्या पार्टीला पाठवला की सर्व्हर ५५० म्हणतो, रिले नाकारतो, म्हणजे मेल पुढे पाठवत नाही. लोक पार्टीचा पत्ता पुन्हा पुन्हा तपासत बसतात. पोर्ट आणि एन्क्रिप्शनची जोडीही चुकवायची नाही. ४६५ ला एसएसएल, ५८७ ला टीएलएस. ४६५ वर पहिल्या अक्षरापासून बोलणं कुलूपबंद असतं, ५८७ वर आधी साधं बोलणं होऊन मग कुलूप लागतं. ४६५ ला टीएलएस लावलं तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि शेवटी टाइमआउट.

जीमेलचं खातं जुन्या आउटलुकमध्ये चालवणाऱ्यांचं दुखणं निराळं: पासवर्ड बरोबर, तरी ५३५ चा एरर, म्हणजे सर्व्हर लॉगिन नाकारतो. साध्या खात्यांसाठी गूगलने ३० मे २०२२ पासून नुसता पासवर्ड स्वीकारणं बंद केलं. टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी ओळख मागणारी सोय) चालू करून १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढायचा आणि आउटलुकमध्ये तो टाकायचा.

तुमच्या आउटबॉक्समध्ये सगळ्यात वर १९ एमबीचा डिझाइन कॅटलॉग अडकला होता, तोही काढला. फाइल मेलमध्ये जाताना अक्षरांत बदलली जाते आणि साधारण एक तृतीयांशाने फुगते. १९ ची २५ च्या वर गेली, तुमच्या सर्व्हरची मर्यादा २५. असा मेल दर वेळी सुटायला बघतो, आपटतो आणि मागचेही रखडवतो. तो नुसता डिलीट करायला गेलं तर पाठवणं चालू आहे म्हणून आउटलुक हात लावू देत नाही. आधी ‘वर्क ऑफलाइन’ करायचं, मग तो ड्राफ्ट्समध्ये ओढायचा. कॅटलॉग ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवलेली बरी.

आता चार दिवसांनंतरचं. त्या दिवशी तुमचा आउटबॉक्स रिकामा होता. मेल ‘सेंट’मध्ये दिसत होते आणि मेलर-डीमन नावाने, म्हणजे सर्व्हरच्या आपोआप निरोपासह, परत येत होते. आउटबॉक्समध्ये अडकला तर मेल तुमच्या कॉम्प्युटरपासून सर्व्हरपर्यंतच पोचलेला नाही. सेंटमध्ये जाऊन परत आला तर सर्व्हरपर्यंत नीट पोचला, अडलं पुढे. परत आलेल्या मेलमध्ये कारणही इंग्रजीत लिहिलेलं होतं: डोमेनची ताशी मर्यादा संपली. तुम्ही नवं रेट कार्ड बीसीसीत ३४० पत्ते टाकून एका दमात पाठवलं होतं. बीसीसीतला प्रत्येक पत्ता वेगळा मेल धरला जातो आणि तुमच्या होस्टिंग पॅकेजला तासाला २०० ची सीमा आहे. परत आलेले पत्ते तासाभराने आपोआप जात नाहीत, त्यांना पुन्हा पाठवावं लागतं. साध्या जीमेललाही दिवसाला ५०० ची मर्यादा आहे, म्हणून तिकडे वळलात तरी मर्यादा राहतेच. रेट कार्ड ५०-५० पत्त्यांच्या गटाने पाठवा, तासाला तीन गट, म्हणजे रोजच्या मेलला जागा राहते.

अशा वेळी आधी पासवर्ड चोरीला गेला नाही ना, ते बघावं लागतं. चोर तुमच्या नावाने हजारो मेल सोडतो तेव्हाही हाच निरोप येतो. परत आलेल्या सगळ्या मेलमध्ये तुमचंच रेट कार्ड होतं, म्हणून तो संशय आम्ही बाजूला ठेवला. न पाठवलेले मेल परत येऊ लागले तर मात्र फोनची वाट न बघता वेबमेलमधून पासवर्ड बदला.

पैशांचं. ६०० रुपये येण्याचे आणि पहिल्या दुरुस्तीचे होते. ती दुरुस्ती आजही टिकून आहे, तेव्हा ते परत करणार नाही. दुसऱ्या वेळी दुरून बघितलं, त्याचे काहीच घेतले नाहीत. तासाची मर्यादा पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्यायला हवी होती. ती दिली नाही, ही आमची चूक.

राहिलं एक. गोडाऊनमधल्या कॉम्प्युटरवर अजून २५ च आहे. तिथे जुनी लाइन आहे म्हणून आज चालतंय. नवी लाइन तिथे ओढली की त्याच दिवशी मेल अडकतील. वर लिहिलंय तसं ५८७, टीएलएस आणि ती टिक आधीच करून ठेवा. जमलं नाही तर नवी पेठेत दुकानावर फोन करा, दुरून करून देऊ, त्याचे पैसे नाहीत.