झोपलेला हमाल आणि जर्मनीचा कायदा

लातूरच्या आडत बाजारात दुपारच्या वेळी सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीला टेकून झोपलेल्या एका हमालाचे कृष्णधवल छायाचित्र आमच्या शाळेच्या मित्रमंडळींत फिरले आणि त्यावरून सरळ दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की झोपलेल्या माणसाला न विचारता टिपणे म्हणजे त्याच्या गरिबीचे प्रदर्शन मांडणे होय. दुसऱ्या तटाच्या मते हा बाजार, ही पोती आणि पाठीवर ओझे वाहणारा हा माणूस आणखी काही वर्षांत दिसणारच नाही, तेव्हा विचारत बसण्यात वेळ न घालवता मिळेल ते टिपून ठेवावे. मी हॅम्बुर्गमध्ये राहतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी साक्षीला मलाच बोलावले: "तुमच्या जर्मनीत असलं चालतं का रे?"

जर्मनीचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. इथला यासंबंधीचा मूळ कायदा १९०७ सालचा आहे आणि त्याच्यामागे हॅम्बुर्गजवळच घडलेला एक प्रकार आहे. जुलै १८९८ मध्ये माजी चान्सेलर बिस्मार्क वारले, त्या रात्री दोन छायाचित्रकार त्यांच्या घरात चोरून शिरले आणि मृतदेहाचे छायाचित्र काढून ते विकण्याच्या खटपटीला लागले. प्रकरण न्यायालयात गेले, दोघांना शिक्षा झाली, आणि माणसाचा स्वतःच्या प्रतिमेवर काही अधिकार आहे की नाही या प्रश्नाची तड पुढे त्या कायद्याने लावली. माणसाचे छायाचित्र प्रसिद्ध करायचे तर त्याची संमती हवी, हा नियम झाला. सभा-मिरवणुका, दृश्यात केवळ आनुषंगिक असलेली माणसे आणि कलेचे काही हेतू हे त्याला अपवाद ठरले. पुढे बर्लिनच्या रस्त्यावर टिपलेल्या एका स्त्रीचे छायाचित्र २०१३ साली रस्त्यालगतच्या प्रदर्शनात मोठ्या आकारात लावले गेले आणि तिने दाद मागितली. हा वाद घटना न्यायालयापर्यंत गेला. रस्त्यावरचे सहज जीवन टिपणे ही कला आहे आणि तिला घटनेचे संरक्षण आहे, हे न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले. मात्र येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडेल असे मोठे चित्र भर रस्त्यात टांगणे त्या स्त्रीला सोसावे लागू नये, हा खालच्या न्यायालयांचा निर्णयही त्याने बदलला नाही.

मला यातला दुसरा भाग आपल्याकडच्या वादासाठी अधिक उपयोगाचा वाटतो. टिपणे, जपून ठेवणे आणि चौकात टांगणे ही तीन वेगळी कामे आहेत आणि आपण तिन्हींबद्दल एकाच श्वासात भांडतो. (चौकात चेहरे टांगण्याचा मराठवाड्याचा अनुभव कोणापेक्षाही कमी नाही, फक्त त्या फलकांवरच्या चेहऱ्यांची संमती नसल्याची तक्रार अजून ऐकिवात नाही.) त्या हमालाचे चित्र मोठे करून प्रदर्शनाच्या दारात लावायचे असेल तर त्याला शोधून विचारलेच पाहिजे, आणि तो नाही म्हणाला तर विषय संपला. पण ते काढलेच जाऊ नये, हे मला पटत नाही. 'गरिबी' हा शब्द तर त्याहून पटत नाही. हमाल हा १९६९ च्या माथाडी कायद्याने ज्याची नोंद घेतली असा कामगार आहे. कामाच्या दोन खेपांमध्ये तो विसावा घेतो आहे. त्याला केवळ गरीब म्हणून पाहणारी नजर छायाचित्रकाराची असेल किंवा पाहणाऱ्याची असेल, पण ती त्या चित्रात आधीपासून नाही.

आपल्या भागात कॅमेरा आला तो लेण्यांसाठी आणि दरबारासाठी. मेजर रॉबर्ट गिल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अजिंठ्याची चित्रे नकलून काढली आणि छायाचित्रेही घेतली. लाला दीनदयाळ निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्यामुळे वेरूळच्या एकेका खांबाचे जुने चित्र लंडनमधल्या संग्रहांत सापडते, पण १९४८ च्या आधीचा लातूरचा, परभणीचा किंवा बीडचा साधा बाजारदिवस पाहायचा म्हटले तर हाती फारसे काही लागत नाही. आजही आपली सवय तीच आहे. दौलताबादच्या किल्ल्यापुढे उभे राहून आपण फोटो काढतो, आणि किल्ल्याकडे जाताना वाटेत लागलेल्या कल्हईवाल्याचा काढत नाही. किल्ला कुठे जाणार आहे?

दुकानांच्या पाट्यांचेच घ्या. लातूरच्या गंजगोलाई या गोल बाजारपेठेत सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्या प्रत्येक रस्त्याला एके काळी हाताने रंगवलेल्या पाट्या होत्या. मराठवाड्यातल्या अनेक जुन्या बाजारपेठांत त्या मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत असत आणि खाली कोपऱ्यात पेंटरची सही असे. अक्षराला सावली कोणत्या बाजूने द्यायची, उर्दू ओळ वर घ्यायची की खाली, हे दुकानदार आणि पेंटर मिळून ठरवीत. फ्लेक्स आला आणि ही पाटी एका दिवसात उतरवता येऊ लागली. शहरांच्या आणि जिल्ह्यांच्या नावांवरून आपण जितके बोललो, त्याच्या शतांशानेही या पाट्यांबद्दल बोललो नाही, आणि रस्ता रुंदीकरणात दुकानाचा दर्शनी भागच गेला की मग पाटीचा पुरावाही उरत नाही.

मात्र 'लोप पावणारे सारे सुंदर' हा माझ्यासारख्या दूर राहणाऱ्यांचा आवडता समज आहे आणि तो धोक्याचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात माणसे गेली ती दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या जड छपरांखाली. ती घरे परत यावीत असे तिथला कोणी म्हणणार नाही. तरीही त्या गल्ल्या कशा होत्या, ओट्यावर कोण बसत असे, जनावरे कुठे बांधत असत, हे ठाऊक असायला हवे. आणि माझ्या पाहण्यात जी चित्रे आली ती बहुतेक ढिगाऱ्यांची आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तिची छायाचित्रे देशभर गेली. नळावरच्या घागरींच्या रांगा संपाव्यात हेच बरे, पण रांगेत आपली जागा राखण्यासाठी कोणी दगड ठेवला, कोणी रिकामी कळशी ठेवली, कोणाच्या लेकीची शाळा बुडाली, हे रेल्वेच्या चित्रात नाही. बीडकडून कारखान्यांकडे निघालेल्या ऊसतोड कुटुंबांच्या ट्रॅक्टरांचेही तसेच: दसऱ्यानंतर ते दरवर्षी रस्त्यावर दिसतात, म्हणून कोणी थांबून पाहत नाही.

हॅम्बुर्गमध्ये मला हेवा वाटतो तो कायद्याचा नाही. कायद्याच्या धाकाने इथले हौशी छायाचित्रकार पाठमोरी माणसे फार टिपतात, आणि आमच्याकडे माणूस स्वतःच म्हणतो, "आमचाबी एक काढा की भाऊ." हेवा वाटतो तो वस्त्यांच्या संग्रहांचा. ओटेन्सेन या जुन्या कामगारवस्तीत १९८० पासून असा संग्रह चालतो. बंद पडलेले कारखाने, दुकाने, जिने, अंगणे यांची छायाचित्रे तिथे ठेवलेली असतात, आणि चित्रात कोण आहे, कुठले आहे, केव्हाचे आहे हे जुन्या रहिवाशांना विचारून लिहिले जाते. आपल्याकडे १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे तालुक्या-तालुक्यात अनुदानित वाचनालये आहेत. एक कपाट, एक स्कॅनर आणि विचारून लिहिण्याची चिकाटी असलेला एक माणूस, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. अनुदान वेळेवर येत नाही ही ग्रंथपालांची तक्रार खरी आहे, म्हणून पहिला खर्च बाहेरगावी कमावणाऱ्यांनी उचलावा. पण काय टिपायचे आणि काय लोकांसमोर मांडायचे हे तिथे राहणाऱ्यांनीच ठरवावे, आम्ही नव्हे.

आम्ही दूरवरून आणखी एक काम करू शकतो. १९८०-९० च्या लग्नांचे अल्बम आमच्या कपाटांत पडून आहेत. वरातीच्या फोटोंत घोड्याच्या मागे दुकाने दिसतात, पाट्या दिसतात, फळ्यांची दारे दिसतात, बघ्यांचे चेहरे दिसतात. ते स्कॅन करून आई-वडिलांना, मामा-मावशींना फोनवर दाखवावे आणि नवरदेवाला बाजूला ठेवून मागचे दुकान कोणाचे, तिथे काय मिळत असे, ते केव्हा बंद झाले, एवढेच विचारून लिहून घ्यावे. माझ्या मामांनी एका फोटोतल्या चार दुकानांपैकी तीन ओळखली. चौथ्यासाठी त्यांनी ज्यांना फोन लावला ते त्या दुकानदाराचे व्याही निघाले.