एवढासाच धबधबा

अंदमानला आपल्याकडून जाणारे बहुतेक जण एकाच वाटेने जातात. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, तिथे डोळे पुसायचे, मग हॅवलॉक, नील आणि विमान पकडून घरी. आम्हीही गेल्या फेब्रुवारीत तसेच निघालो होतो. पण अण्णांनी आधीच बजावलं होतं, "मला लिटल अंदमान बघायचंय. बाकी तुम्ही काय ते ठरवा."

अण्णा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. 2021 साली पेपरात बातमी आली होती की लिटल अंदमानवर सिंगापूर-हाँगकाँगच्या तोडीचं शहर वसवायचा नीती आयोगाचा आराखडा आहे आणि त्यासाठी सुमारे 240 चौरस किलोमीटर जंगल जाणार आहे. म्हणजे बेटाचा एक तृतीयांश. अण्णांनी ते कात्रण डायरीत ठेवलं होतं. "एवढ्या माणसांना पाणी कुठून देणार, ते कुणीच लिहिलेलं नाही," हे वाक्य तेव्हापासून आम्ही घरात शंभरदा ऐकलंय.

पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजयपुरम म्हणायचं) दक्षिणेला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास समुद्र ओलांडला की हट बे, लिटल अंदमानचं बंदर. जहाजाला अख्खी रात्र लागली. बायकोला बोट लागली, मुलगा जागाच राहिला, अण्णा मात्र कठड्याला धरून उभे.

धक्क्यापासून साडेसहा किलोमीटरवर व्हाइट सर्फ नावाचा धबधबा आहे. रिक्षा सोडली आणि चालायला लागलो. बेटावर तेलाच्या माडांची, म्हणजे ऑइल पामची, जुनी लागवड अजून उभी आहे. तिच्या सरळ रांगांखालची जमीन कोरडी आणि मोकळी होती. जंगलात शिरलो आणि चार पावलांत हवा बदलली. गर्जन आणि पडौकची झाडं सरळ वर गेलेली, बुंध्याशी भिंतीसारखी मुळं, त्यावर वेत चढलेला. पायाखाली पाचोळ्याचा थर इतका जाड की बूट रुततो. अण्णा तिथेच खाली बसले, हाताने पाचोळा बाजूला केला आणि खालची माती मुठीत घेऊन दाबली. बोटांच्या फटीतून ओल निघाली. फेब्रुवारी महिना, वर कडकडीत ऊन, आणि मातीतून पाणी निघतंय.

धबधबा खरंच लहान आहे. काळ्या ओल्या खडकावरून पाणी पसरून खाली येतं, खाली डबकंवजा डोह, त्यात पाय सोडून बसायचं. आमच्या आधी तिथे एक मराठी कुटुंब आलेलं होतं. त्यातले एक काका आमच्याकडे बघून म्हणाले, "एवढासाच? यासाठी रात्रभर बोट? यापेक्षा आमचं आंबोली बरं." दहा मिनिटांत फोटो काढून ते निघालेसुद्धा.

मला त्या काकांशी भांडायचं नाही. पण गेले कित्येक महिने हे "एवढासाच" डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय.

सह्याद्रीने आपल्याला उंच पाण्याची सवय लावली आहे. ठोसेघर घ्या, आंबोली घ्या, पावसाळ्यात पाणी कड्यावरून कोसळतं आणि आपण ते डोळे भरून बघतो. पण आंबोलीचा तोच मुख्य धबधबा फेब्रुवारीत बघा. काळा कातळ आणि पाण्याची ओली रेघ राहिली तर नशीब. आपण धबधब्याची उंची मोजतो. तो किती महिने वाहतो, हे आपण विचारतच नाही.

अण्णांनी ते मोजलं. म्हणजे त्यांना जमेल तसं. खडकाच्या कडेला एक वेगळी बारीक धार पडत होती. तिच्याखाली लिटरची रिकामी बाटली धरली आणि मुलाला म्हणाले, "मोज मोठ्याने." एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. बाटली भरली. ओतून टाकली, परत धरली. परत सात. तिसऱ्यांदाही सातच. "ही एक करंगळीएवढी धार," अण्णा मुलाला सांगत होते, "हिच्याने दिवसाला बारा हजार लिटर होतं. आणि ही कडेची आहे, मुख्य तर तिकडे आहे."

हे पाणी येतं कुठून, याचं उत्तर आम्ही येताना पायाने तुडवलं होतं. अंदमानात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, मे ते डिसेंबर. त्यानंतर चार महिने जवळजवळ काही नाही. बेटावर मोठी नदी असायला जागाच नसते. डोंगरावर पडलेलं पाणी थोड्याच वेळात समुद्रात जायचं. त्याला अडवून धरतो तो हा पाचोळा, ही मुळं, ही माती. पोर्ट ब्लेअरला धनीखारीचं धरण असूनही उन्हाळ्यात नळाला पाणी दिवसाआड येतं, हे तिथल्या कुणालाही विचारा. म्हणून मी म्हणतो की तो धबधबा लहान नाहीच. आपल्याला दिसतो तो त्याचा शेवटचा तुकडा आहे. बाकीचा मागे डोंगरभर जंगलात पसरलेला आहे.

आणि ते जंगल रिकामंही नाही. हे बेट ओंगे आदिवासींचं. 1901 च्या जनगणनेत ते 672 होते, 2011 मध्ये 101. 1957 मध्ये अख्खं बेट त्यांच्यासाठी राखीव केलं, मग 1972 आणि 1977 मध्ये वसाहती आणि लाकूडतोडीसाठी त्यातला भाग काढून घेतला. हत्तींकडून ओंडके ओढून न्यायचे तो हा काळ. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तोड थांबली. 2004 च्या त्सुनामीत हट बेची वाताहत झाली, पण ओंगे समुद्र मागे सरकताच ओळखून उंचावरच्या जंगलात गेले आणि वाचले. त्यांच्या राखीव भागात आपल्याला प्रवेश नाही, आणि नसावाच. कुणी "सोय करून देतो" म्हणालं तरी जाऊ नका.

आता आराखडा. त्यात या जंगलाचं काय केलंय, तर मोकळी जागा म्हणून हिशेब केलाय. तिथल्या वन अधिकाऱ्याने 2020 मध्येच लेखी हरकत घेतली होती. लिटल अंदमानचं शहर अजून कागदावरच आहे, पण तिथून बरंच दक्षिणेला असलेल्या ग्रेट निकोबार बेटावरच्या प्रकल्पाला 2022 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली, तिथलं 130 चौरस किलोमीटर जंगल त्यात जाणार. त्यामुळे "कागदावर आहे" यावर माझा विश्वास राहिलेला नाही. बेटावरच्या लोकांना दवाखाना हवा, वेळेवर जहाज हवं, मुलांना कॉलेज हवं. ते द्यायलाच पाहिजे. त्यासाठी जंगलाचा तिसरा हिस्सा कापावा लागत नाही.

कमेंटमध्ये विचारणार म्हणून सांगतो. जहाजाचं तिकीट मिळायला वेळ लागतो, दिवस हाताशी ठेवून जा. मोबाइलला रेंज धरून चालू नका. खाड्यांमध्ये मगरी आहेत, त्यामुळे जिथे पाटी असेल तिथे पाण्यात उतरू नका, पोहता येतं म्हणून तर अजिबात नको. पाऊस पडून गेला असेल तर जळवा चढतात, मीठ जवळ ठेवा. आणि वेफर्सची पाकिटं परत आणा. आम्ही डोहाच्या कडेची नऊ उचलली, त्यातली तीन आपल्याकडच्याच कंपन्यांच्या चिवड्याची होती, त्याचं फार वाईट वाटलं.

निघताना मुलगा हट्टाला पेटला, अजून एकदा मोजायचं. आम्ही वाटेला लागलो होतो. अण्णा मागे वळले, त्याच्यासोबत परत गेले. लांबून दोघांचा आवाज येत होता, एक, दोन, तीन...