डॅफोडिलची जुडी आणि क्रेनचा हार

आमच्या गावच्या ग्रुपवर सध्या एका ठरावावरून रण पेटलंय. यापुढे गावातल्या कुठल्याही कार्यक्रमात हार-तुरे, बुके, शाल-श्रीफळ बंद. पाहुण्याच्या हातात वही नाहीतर पुस्तक द्यायचं, असा तो ठराव. तरुण पोरं एका सुरात 'बुके नको, बुक द्या' म्हणताहेत. ज्यांच्या मळ्यात झेंडू उभा आहे ते विचारताहेत, आम्ही मग काय करायचं? आधीच प्लास्टिकच्या माळांनी भाव पाडलाय, आता गावानेही पाठ फिरवायची का? दोन दिवस तलवारी उपसून झाल्यावर कुणालातरी आठवलं की गावातला एक माणूस ब्रिटनमधल्या वेल्समध्ये आहे. लगेच मला प्रश्न आला, 'तठे कसं शे, भो?'

तर इथे सध्या मार्च आहे, आणि मार्च म्हणजे डॅफोडिल. एक तारखेला सेंट डेव्हिड दिन. वेल्सचा हा मोठा दिवस, आणि डॅफोडिल हे वेल्सचं राष्ट्रीय फूल. शाळेत जाणारी पोरं छातीवर पिवळं फूल टाचून निघतात. लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळातल्या, चौथ्या रविवारी इथला मातृदिन येतो. त्या दिवशी चर्चमधून लहान मुलांच्या हाती फुलं देतात आणि ती मुलं आईला नेऊन देतात. त्यातही बहुतेक हीच फुलं. मेरी क्युरी नावाची धर्मादाय संस्था १९८६ पासून याच महिन्यात डॅफोडिलच्या पिना वाटून देणगी गोळा करते, अखेरच्या आजारात असलेल्यांच्या शुश्रूषेसाठी. फूल आशेचं, नव्या सुरुवातीचं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते पाठ करायची गरज पडत नाही. दुपारी चारला अंधारून येणारे दोन-तीन महिने काढा, मग रस्त्याकडेच्या गवतातून पहिला पिवळा ठिपका दिसला की आपसूक कळतं.

देण्याची रीतही बघण्यासारखी आहे. आमच्या शेजारच्या आजीबाई दारावर टकटक करतात, जुडी हातात ठेवतात, हवापाण्याचं एक वाक्य बोलतात आणि जातात. जुडी म्हणजे रबर लावलेल्या हिरव्या काड्या, टोकाला मिटलेल्या कळ्या. पिवळा रंग औषधालाही नाही. आपल्या माणसाने पहिल्यांदा पाहिली तर तो कांद्याची पात समजून थेट विळीकडे वळेल. ही थट्टा नाही. २०१५ साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने सुपरमार्केटांना पत्र लिहून सांगितलं होतं की डॅफोडिल भाजीपाल्याजवळ मांडू नका, लोक खाऊन आजारी पडतात. डॅफोडिलचा जमिनीतला कांदा विषारी, देठातला चीकही वाईट. दुसऱ्या फुलांसोबत एकाच पाण्यात ठेवली तर ती दुसरी फुलं बिचारी लवकर माना टाकतात. म्हणून डॅफोडिलचं भांडं वेगळं. ऊबदार खोलीत ठेवलं की एक-दोन दिवसांत कळीवरचं पातळ पापुद्र्यासारखं आवरण फाटतं आणि मान वाकवून फूल बाहेर येतं. तोवर आजीबाई केव्हाच आपल्या घरी गेलेल्या. फूल फुललेलं त्यांना दिसत नाही, आणि दिसावं असा त्यांचा हट्टही नसतो.

आता 'बघा, गोरे लोक किती साधे' असं म्हणून हे पुढे पाठवू नका. पौंडाच्या आसपास मिळणारी ही जुडी स्वस्त आहे, कारण इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलच्या शेतांत जानेवारीपासून थंडी-पावसात वाकून कुणीतरी ती तोडतं. तोडणारे बहुतेक परदेशातून हंगामापुरते आणलेले मजूर असतात. त्या चिकाने त्यांच्या हातांना पुरळ उठतं. त्या दुखण्याला इथल्या शेतांत डॅफोडिलच्याच नावाने ओळखतात. मजूर मिळाले नाहीत तर फुलं शेतातच सडतात. कपाशी वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून डोक्याला हात लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते तो देणाऱ्याच्या उद्देशात आहे. आपल्याकडे फूल गेली काही वर्षं व्यासपीठावर अडकून पडलंय. नेता येतो, क्रेनला लटकवलेला हार उतरतो, दोन बाजूंनी जेसीबीच्या बकेटमधून पाकळ्या ओतल्या जातात. बुके देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांकडे न बघता फोटोवाल्याकडे बघतात. फोटो झाला की बुके मागे उभ्या असलेल्या कार्यकर्त्याकडे, तिथून गाडीच्या डिकीत. गंमत बघा, डॅफोडिलला शास्त्रीय नाव मिळालंय नार्सिसस. ग्रीक कथेत पाण्यातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळून झुरून मेलेल्या पोराचं हे नाव. इथे शेजारधर्म पाळणाऱ्या फुलाला ते चिकटलं, आणि स्वतः नार्सिसस मात्र आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभा.

म्हणून फुलाऐवजी पुस्तक आणून प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. ज्या अमळनेरात साने गुरुजींनी शिकवलं आणि २०२४ मध्ये साहित्य संमेलन भरलं, त्या तालुक्यात पुस्तकाची महती मी काय सांगणार. पण व्यासपीठावर दिलेलं पुस्तक देणाऱ्याने वाचलेलं नसतं आणि घेणारा उघडत नाही. डिकीत ते फक्त बुकेपेक्षा जास्त दिवस टिकतं. वह्या जिल्हा परिषदेच्या शाळेत द्यायच्या असतील तर जरूर द्या; त्याला सत्काराची वाट कशाला बघायची?

आणि मनापासून देणं आपल्याला येत नाही असं थोडंच आहे? हिवाळा लागला की बामणोद-आसोद्याकडची भरिताची वांगी घराघरांतून निघतात. पुण्याला निघालेल्या पुतण्याच्या बॅगेत, ट्रॅव्हल्सच्या डिकीत, मुंबईच्या साडूसाठी गोणीत. हिरवीगार, पांढुरक्या रेघांची, हातात मावणार नाहीत एवढी. कुणाचा वाढदिवस नसतो, सत्कार नसतो. सोबत बजावणी असते, गॅसवर भाजू नका, पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळक्या काड्या, मिळाल्या तर बघा. पुण्यात पऱ्हाट्या कुठल्या, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक असतं. फोन मात्र चार दिवसांनी येतोच, 'भरीत झालं का?' जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, हे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल कुणास ठाऊक. हंगामात येतं, स्वस्त असतं, आपल्या मातीतलं असतं, म्हणून आपल्या माणसाला द्यायचं. आजीबाईंच्या जुडीत मला जे दिसतं ते हेच.

डॅफोडिल गावात आणायची कल्पनाही एका भाच्याने मांडली आहे. बाबा, त्याचा कांदा काही आठवडे कडक थंडी खाल्ल्याशिवाय फुलत नाही, आणि आपल्या भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसला टेकतो. झेंडू आहे की!

तर मी ग्रुपवर एवढंच लिहिलं. फुलं बंद करू नका, व्यासपीठ बंद करा. शाळेतून निवृत्त होणाऱ्या बाईंचा समारंभ येतोय ना, त्यांच्या घरी जा. गावच्याच मळ्यातला झेंडू रोख पैसे देऊन घ्या, ओंजळभर त्यांच्या हातात द्या, चहा घ्या आणि या. निवेदक नको, नावांची यादी नको.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एका काकांचा संदेश आला, 'मंग फोटो कोन काढी?' खाली एकोणीस अंगठे.